किती थरांचा तळ?

पायाला जमिनीपासून किती राखावे, हा भारतीय धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. धर्मशास्त्र, जैन आगम आणि बौद्ध विनय यांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली. डांबरी रस्त्यावर किंवा डोंगरवाटेवर धावणारा माणूस बूट निवडताना तळाची जाडी, फोमचा मऊपणा आणि रबराची पकड पाहतो, तेव्हा त्याच्यापुढेही हाच प्रश्न असतो. देहाला किती सुख द्यावे, कशासाठी द्यावे, आणि सुख नाकारण्यात स्वतंत्र पुण्य आहे काय? या परंपरांमध्ये बौद्ध विनयाने तो सर्वांत बारकाईने, चपलेच्या तळाचे थर मोजून सोडवला आहे. म्हणून या विवेचनाचा मुख्य आधार तोच आहे.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याला वर्ज्य असलेल्या गोष्टींची यादी आहे. अंगाला तेल लावणे आणि डोळ्यांत अंजन घालणे यांच्याबरोबर तिच्यात पादत्राण आणि छत्री येतात. समावर्तन, म्हणजे अध्ययनाच्या समाप्तीचा संस्कार, होऊन स्नातक घरी परतायला निघाला की दोन्ही गोष्टी त्याला मिळतात. अनवाणी राहणे हा इथे आयुष्याच्या एका टप्प्याचा नियम आहे. गुरुगृही शिकणाऱ्याने सुखाची सवय लावून घेऊ नये, एवढाच त्याचा हेतू.

जैन परंपरेत हा नियम आयुष्यभराचा आहे. दशवैकालिक सूत्राच्या तिसऱ्या अध्ययनात साधूने न आचरण्याच्या गोष्टी सांगितल्या आहेत आणि पायांत पादत्राण घालणे त्यांत मोडते. जैन साधू-साध्वी आजही शेकडो किलोमीटरचा विहार अनवाणीच करतात. या नियमामागे अपरिग्रह आणि देहाविषयीची अनासक्ती आहेच, पण त्याहून मोठे कारण अहिंसेचे आहे. उघडा पाय जपून पडतो, जमिनीवर काय आहे ते त्याला कळते आणि पायाखाली येणारा जीव वाचण्याची शक्यता वाढते. ज्या पायाला काही टोचत नाही तो बेफिकीर होतो, हे निरीक्षण धावण्याच्या शास्त्रालाही फार उशिरा का होईना मान्य करावे लागले.

महाभारताच्या अनुशासनपर्वात पादत्राणाच्या उत्पत्तीची एक कथा आहे. जमदग्नी ऋषी बाण सोडण्याचा खेळ खेळत होते आणि त्यांची पत्नी रेणुका ते बाण वेचून आणत होती. ज्येष्ठातले ऊन चढले, तिचे डोके आणि तळपाय भाजू लागले. ती झाडाच्या सावलीत क्षणभर थांबली आणि परतायला उशीर झाला. कारण कळताच जमदग्नींनी सूर्यावरच बाण रोखला. तेव्हा सूर्याने ब्राह्मणाच्या रूपाने येऊन त्यांना छत्री आणि चामड्याची पादत्राणे दिली. माहूरला देवी म्हणून पुजल्या जाणाऱ्या रेणुकेच्या भाजलेल्या पायांसाठी पादत्राण पृथ्वीवर आले, असे ही कथा सांगते. तिचा अर्थ महत्त्वाचा आहे. पादत्राण इथे चैनीतून जन्मत नाही. कुणाचा तरी पाय पोळला, त्यावर शोधलेला तो उपाय आहे.

विनयपिटकातील महावग्गाचा पाचवा खंधक, म्हणजे प्रकरण, चामड्याविषयी आहे. भिक्षुसंघाच्या नियमांची मराठी वाचकाला सविस्तर ओळख करून दिली ती गोव्याच्या साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी यांनी, ‘बौद्धसंघाचा परिचय’ या ग्रंथातून. त्या नियमांत हा खंधक वेगळा उठून दिसतो, कारण त्याची सुरुवात एका माणसाच्या तळपायांपासून होते.

सोण कोळिविस हा चंपा नगरीतल्या अतिश्रीमंत घरातला मुलगा. तो इतका नाजूक वाढला होता की त्याच्या तळपायांवर केस उगवले होते. मगधाचा राजा बिंबिसार याला ते पाय पाहायची इच्छा झाली. आईवडिलांनी सोणाला बजावले, की राजाच्या दिशेने पाय लांब करू नकोस. समोर मांडी घालून बस, म्हणजे बसल्या बसल्या तळवे दिसतील. सोण तसाच बसला आणि राजाने पाय पाहिले. पुढे या सोणाने बुद्धाचे वचन ऐकून प्रव्रज्या घेतली आणि राजगृहाजवळच्या शीतवनात चंक्रमण, म्हणजे येरझाऱ्या घालत ध्यान, सुरू केले. ज्या पायांनी जमीन कधी अनुभवली नव्हती त्यांनी तो अहोरात्र चालू लागला. तळवे फुटले. चंक्रमणाची वाट रक्ताने माखली, आणि ग्रंथात ती गुरे कापण्याच्या जागेसारखी दिसत होती असे म्हटले आहे. एवढे करूनही मन मुक्त होत नाही, हे पाहून घरी परतून संपत्तीचा उपभोग घ्यावा आणि दानधर्म करावा, असा विचार त्याच्या मनात आला.

बुद्धाने त्याला विचारले ते वीणेबद्दल, कारण सोण घरी असताना वीणा चांगली वाजवीत असे. तारा अति ताणल्या तर वीणा नीट वाजते काय? सैल सोडल्या तर? सोणाने दोन्ही वेळा नाही म्हटले. साधनेचेही तसेच आहे, अति जोराने चित्त चंचल होते आणि अति ढिलाईने आळस येतो, असे बुद्धाने सांगितले. हा दृष्टान्त मध्यममार्गाचा म्हणून फार प्रसिद्ध आहे. पण त्याच्या पुढचा प्रसंग क्वचितच सांगितला जातो, आणि प्रस्तुत विषयाला तोच अधिक लागू आहे.

सोण अर्हत झाल्यानंतर बुद्धाने त्याला सांगितले, की तू सुकुमार आहेस, तुला एका थराच्या चपलेची परवानगी देतो. सोणाने ती घेतली नाही. सोन्याने भरलेल्या ऐंशी गाड्या आणि सात हत्तींचा ताफा सोडून आलेला हा माणूस आता एका चपलेला चिकटला, असे लोक म्हणतील, हे त्याचे म्हणणे. साऱ्या संघाला परवानगी मिळाली तर मीही घालीन, नाहीतर नाही. तेव्हा बुद्धाने सर्व भिक्षूंना एका थराची चप्पल वापरण्यास अनुमती दिली आणि दोन थरांची, तीन थरांची, अनेक थरांची चप्पल निषिद्ध ठरवली. या निर्णयात दोन तत्त्वे आहेत. पाय फोडून घेण्यात कसलीही साधना नाही, हे पहिले. सवलत एकट्याची नसावी, तशीच गरज असलेल्या सर्वांना ती मिळावी, हे दुसरे.

खंधकात पुढे एकामागून एक नियम येतात आणि प्रत्येक नियमाला एक प्रसंग जोडलेला आहे. निळ्या, पिवळ्या, लाल, काळ्या रंगांच्या चपला वर्ज्य झाल्या, मेंढ्याच्या किंवा बोकडाच्या शिंगासारखी टोके असलेल्या, मोरपिसांनी शिवलेल्या चपला वर्ज्य झाल्या. भिक्षू संसारी लोकांसारखे मिरवतात, अशी लोकांची तक्रार होती. याच यादीत कापूस भरलेले बूटही आहेत, आणि आजच्या गादीदार बुटाचा पूर्वज शोधायचा तर तो इथे सापडतो. लाकडी खडावा बंद झाल्या, कारण पहाटे त्यांच्या खटखटाटाने ध्यान मोडे आणि त्यांच्याखाली किडे चिरडत. ताडाच्या पानांच्या चपला बंद झाल्या, कारण त्यांच्यासाठी कोवळे ताड तोडले जात. एका भिक्षूला एका वासराचे ठिपकेदार कातडे आवडले. उपासकाने वासरू मारून ते त्याला दिले. भिक्षू कातडे घेऊन निघाला, तेव्हा त्या वासराची आई त्याच्या मागोमाग चालत राहिली. त्या प्रसंगानंतर गाईचे कातडे निषिद्ध झाले.

दुसऱ्या बाजूला सवलतीही वाढत गेल्या. तळपाय भेगाळलेला एक भिक्षू लंगडत चालला होता. एका उपासकाने स्वतःच्या अनेक थरांच्या चपला काढून त्याला देऊ केल्या. नियम आड येतो म्हणून भिक्षू घेईना. बुद्धाने त्या घ्यायला लावल्या आणि दुसऱ्याने वापरून टाकलेल्या अनेक थरांच्या चपलांना मोकळीक दिली. बंदी फक्त नव्यांपुरती उरली. ज्याचे पाय दुखतात, फुटले आहेत किंवा ज्याला कुरूप झाले आहे त्याने विहारातही चप्पल घालावी, अशी तरतूद झाली.

सगळ्यांत महत्त्वाची दुरुस्ती अवंती आणि दक्षिणापथ यांच्यासाठी आहे. महाकात्यायन या थेराचा शिष्य सोण कुटिकण्ण अवंतीहून बुद्धाच्या दर्शनाला निघाला, तेव्हा गुरूने त्याच्याबरोबर काही विनंत्या पाठवल्या. त्यांपैकी एक अशी होती, की आमच्याकडची जमीन वरून काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी उखणलेली आहे, तिथे अनेक थरांच्या चपलेची परवानगी असावी. बुद्धाने ती दिली. माळव्याचे पठार आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग एकाच बेसॉल्टचा आहे आणि त्या खडकापासूनच काळी माती होते. जिने ती उन्हाळ्यात पायाखाली घेतली आहे अशा कोणाही व्यक्तीला या विनंतीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात चिखलात रुतलेले खूर वैशाखापर्यंत दगडासारखे होतात, त्यांच्या कडा पायाला टोचतात आणि मधल्या भेगांत टाच अडकते. गंगेच्या खोऱ्यातल्या मऊ गाळाच्या जमिनीवर ठरलेला एका थराचा नियम दख्खनच्या वाटेवर अपुरा होता. बुद्धाने नियम रद्द केला नाही, त्याला प्रदेशाची मर्यादा घातली. थरांची संख्या जमिनीवर अवलंबून आहे, हे इथे धर्मग्रंथातच मान्य झाले.

आठव्या शतकातल्या शांतिदेवाने हाच धागा मनाकडे वळवला. सारी पृथ्वी झाकायला चामडे कुठून आणणार, स्वतःच्या पायाला चप्पल घातली की पृथ्वी झाकल्यासारखीच होते, त्याप्रमाणे बाहेरचे जग आवरण्यापेक्षा मन आवरावे, असा बोधिचर्यावतारातला त्याचा युक्तिवाद आहे. त्याला चप्पल केवळ दृष्टान्तापुरती हवी होती. पण तो दृष्टान्त चपलेला दोष मानत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात शास्त्राने न सांगितलेले, देहाला पिळणारे घोर तप आसुरी म्हटले आहे. नवसापोटी अनवाणी चालणाऱ्याचा संकल्प वेगळा. तो देवाला दिलेल्या शब्दाचा भाग आहे आणि त्याचा आदर करावा. व्यायाम म्हणून धावणाऱ्याने मात्र वेदनेला पुण्य समजू नये.

आधुनिक धावण्यातही अनवाणी आणि गादीदार असे दोन पक्ष पडले, आणि दोघांचा जोर एकाच वर्षी दिसला. २००९ मध्ये ख्रिस्तोफर मॅकडुगल यांचे ‘बॉर्न टू रन’ प्रसिद्ध झाले आणि पातळ तळाच्या बुटांची लाट आली. त्यात वर्णिलेले मेक्सिकोतील रारामुरी लोक पातळ तळाच्या सपाता घालून डोंगरदऱ्यांत धावतात. त्याच वर्षी फ्रान्समध्ये होका ही कंपनी स्थापन झाली. आल्प्सच्या उतारांवरून वेगाने खाली येणाऱ्यांसाठी तिने जाडजूड फोमचे बूट काढले. जाड गादी आधी डोंगरासाठी आली आणि मग रस्त्यावर पसरली, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

इथिओपियाच्या अबेबे बिकिला याने १९६० मध्ये रोमच्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकली. तो त्या काळचा विक्रम होता. १९६४ मध्ये टोकियोत तोच बूट घालून धावला, २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत पुन्हा जिंकला आणि पुन्हा विक्रम झाला. अनवाणी पक्षाचे लोक रोमची गोष्ट सांगतात आणि टोकियोची गाळतात. एकाच धावपटूच्या दोन शर्यतींतून पादत्राणाच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीच सिद्ध होत नाही, एवढाच निष्कर्ष प्रामाणिक आहे.

संशोधनाचे चित्रही एकरंगी नाही. डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले, की सवयीने अनवाणी धावणारे बहुधा पायाच्या पुढच्या भागावर उतरतात आणि टाचेवर बसणारा अचानक धक्का टाळतात. २०१८ मध्ये फिनलंडमधील अभ्यासात असे आढळले, की वेगाने धावताना अति गादीदार बुटात पाय अधिक ताठ राहतो आणि धक्का वाढू शकतो. शरीर पायाखालचा मऊपणा ओळखते आणि स्नायूंचा ताण त्याप्रमाणे बदलते. उलट २०२० मध्ये लक्झेंबर्गमधील संशोधकांनी आठशेहून अधिक हौशी धावपटूंना मऊ किंवा कठीण तळाचे, बाहेरून सारखेच दिसणारे बूट वाटून सहा महिने पाहणी केली, तेव्हा कठीण तळाच्या गटात दुखापती जास्त आढळल्या. हे निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. गादी उपयोगी आहे, पण जितकी जास्त तितकी चांगली असा हिशेब चालत नाही. कॅनडातील संशोधक बेनो निग यांनी मांडलेली दिशा व्यवहाराला सर्वांत सोयीची आहे. अनेक बुटांतून जो पायाला स्वाभाविक आणि सुखकर वाटतो तो निवडावा, कारण आपल्या चालीला काय जुळते याचा कौल शरीर देत असते.

रस्त्यासाठी याचा अर्थ सोपा आहे. डांबर किंवा काँक्रीट कठीण आणि सपाट असते, दर किलोमीटरला हजाराच्या आसपास पावले पडतात आणि प्रत्येक पाऊल जवळजवळ आधीच्यासारखेच असते. एकाच जागी तोच भार पुन्हा पुन्हा येतो. इथे गादीला खरे काम आहे. रोजच्या सरावाच्या बुटांत टाचेखालची जाडी बहुधा ३० ते ४० मिलिमीटर असते. फोम बहुतेक वेळा ईव्हीए जातीचा असतो, शर्यतीच्या महाग बुटांत तो हलका आणि अधिक उसळणारा पेबा जातीचा असतो. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, म्हणजे ड्रॉप, शून्यापासून १२ मिलिमीटरपर्यंत आढळतो. ज्यांना मोठ्या ड्रॉपची सवय आहे त्यांनी एकदम शून्यावर येऊ नये, कारण तो भार पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर जातो. सोणाचे पाय फुटले तेही याच कारणाने. सवय नसलेल्या पायावर त्याने एकदम पूर्ण भार टाकला.

डोंगरवाटेचे गणित वेगळे आहे. तिथे जमीन स्वतःच पावलागणिक बदलते, कुठे माती, कुठे मुरूम, कुठे सुटे दगड. धक्क्यापेक्षा घसरणे, मुरगळणे आणि टोचणे हे धोके मोठे. फार उंच आणि मऊ तळावर पाय जमिनीपासून वर राहतो आणि तिरक्या दगडावर घोटा लवकर कलंडतो. म्हणून ट्रेल शूजमध्ये फोमपेक्षा तळाच्या रबराकडे आधी पाहावे. त्यावरचे उंचवटे साधारण ३ ते ६ मिलिमीटरचे असतात. चिकट काळ्या मातीत ते खोल आणि एकमेकांपासून लांब हवेत, नाहीतर चिखल मध्ये भरून तळ गुळगुळीत होतो. पावसाळ्यात सह्याद्रीच्या शेवाळलेल्या कातळावर मात्र खोल उंचवट्यांचा फारसा उपयोग नाही. तिथे मऊ, चिकट रबराचा जास्तीत जास्त भाग दगडाला टेकणे महत्त्वाचे. कोकण-गोव्याच्या जांभ्याच्या सड्यावर रबर लवकर झिजते. टोकदार दगडांच्या वाटेसाठी फोम आणि रबर यांच्यामध्ये पातळ, चिवट पट्टी बसवलेले बूट मिळतात. महाकात्यायनाच्या विनंतीला आजच्या काळात दिलेले उत्तर म्हणजे ही पट्टी. त्याने मागितलेले जास्तीचे थर लाड म्हणून नव्हते, टोचणाऱ्या जमिनीसाठी होते.

माप घेताना दिवस कलल्यावर, पाय थोडे सुजलेले असताना, धावताना घालायचे मोजेच घालून बूट पाहावेत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा असावी. उतारावर पाय पुढे सरकतो आणि बोटे आदळून नखे काळी पडतात, म्हणून डोंगरासाठी ही जागा आणखी काटेकोरपणे तपासावी. टाच मात्र घट्ट बसली पाहिजे.

मिरवण्याचा आणि सर्वांना समान सवलत मिळण्याचा प्रश्न विनयाच्या काळाइतकाच आजही खरा आहे. २०१७ नंतर कार्बन पट्टी आणि उसळत्या फोमच्या बुटांनी विक्रम पडू लागले, तेव्हा ज्यांना ते मिळत नाहीत त्यांच्यावर अन्याय होतो, ही तक्रार झाली. २०२० मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरील शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत मर्यादित केली, एकाहून अधिक कडक पट्टी नाकारली आणि शर्यतीत वापरायचा बूट आधी काही महिने बाजारात सर्वांना उपलब्ध असावा, अशी अट घातली. सोणाचा आग्रह हाच होता. रोज सकाळी पाच किलोमीटर धावणाऱ्याला असल्या बुटाची गरज नाही. तो महाग असतो, लवकर झिजतो आणि हळू धावताना पायाला अस्थिर वाटतो.

फोमचा भार पृथ्वीवरही पडतो. ईव्हीए कुजत नाही आणि चिकटवलेल्या थरांचे बूट वेगळे करून पुन्हा वापरणे अवघड असते. कोवळ्या ताडांसाठी नियम करणाऱ्या परंपरेला हा मुद्दा गौण वाटला नसता. बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो असे मानतात. तेवढा तो वापरावा, आणि तळ शाबूत असताना नको झाला तर गरजूला द्यावा. मुख्यतः डांबरावर धावणाऱ्याने मध्यम गादीचा, पायाला सुखकर वाटणारा एकच रस्त्याचा जोड घ्यावा. कधीमधी टेकडीवरच्या रुळलेल्या, कोरड्या वाटेला तोच पुरतो. दर आठवड्याला डोंगरात जाणाऱ्याने, आणि पावसाळ्यात घाटवाटेवर उतरणाऱ्या प्रत्येकाने, उंचवट्यांच्या रबराचा दुसरा जोड अवश्य घ्यावा.